सकाळचं दळण

चक्की गरजली आणि चिमटीची पापणीसुद्धा लवली नाही.

हात माझाच चुकला होता. आमच्या कॉफीच्या यंत्रात वर दाण्यांची टाकी आहे, पोटात चक्की, खाली कागदी गाळणी आणि काचेचं भांडं. दळण नि उकाळा एकाच छपराखाली. तयार पूड वापरायची असेल तर ‘दळू नकोस’ असं सांगणारं एक बारकं बटण आधी दाबावं लागतं. चिमटी घरी आल्यापासून मी यंत्राला शिवले नव्हते, ती सवय बोटांतून निघून गेली होती. झटपट कॉफीची बाटली संपली म्हणून कुणीतरी दिलेली तयार पूड शोधून काढली, गाळणीत घातली, मागे पाणी ओतलं आणि सरळ सुरू केलं. टाकीत जुने दाणे होतेच. तो आवाज मी विसरलेच होते. आधी खडे भरलेला पत्र्याचा डबा जिन्यावरून गडगडत यावा तसा, मग एकसलग, दात शिवशिवणारा. मी दचकून मागे वळले, तोंडातून ‘नाही नाही’ आधीच निघालेलं, आता ती किंचाळणार म्हणून हात पुढे झालेले. चिमटी स्वयंपाकघराच्या दारात तिच्या दुलईवर उताणी पडली होती. मूठ तोंडात. डोळे खिडकीच्या पडद्यावर. पडद्याची कड वाऱ्याने हलत होती, ती बघत बघत मूठ चोखत होती. इकडे घर फुटल्यासारखा आवाज आणि ती तळ्याकाठी येऊन बसल्यासारखी. मी यंत्राकडे वळून बटण दाबलं, ते ऐकेना, चक्कीत काहीतरी अडकून ती घुसमटल्यासारखी घरघरायला लागली, तेव्हा प्लगच ओढला. पुन्हा वळले. चिमटीने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. बिनदाताचं, तोंडभर. एरवी त्या हसण्यावर माझी अख्खी सकाळ निघाली असती.

आमच्या घरात आवाज होत नाही. म्हणजे होऊच देत नाही. माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. यंत्र कुरकुरलं की त्याला स्वतःचा गुडघा दुखल्यासारखं होतं. चिमटी यायच्या आधी त्याने दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, खुर्च्यांच्या पायांना बनातीचे तुकडे चिकटवले, दारावरच्या घंटीची वायर सोडवली. यंत्राला तो ‘कारखाना’ म्हणायचा. ज्या दिवशी तिला घेऊन आलो त्या दिवशी त्याने कारखान्यावर जुनी गोधडी टाकली आणि म्हणाला, “आजपासून टाळेबंदी.” शेजारच्या काकू आठवड्याभराने भेटल्या तेव्हा तक्रार करत होत्या, “अगं, तुमचं सकाळचं दळण बंद झालं आणि मला जागच येईना. माझं दूध रोज उतू जातंय.” किती हसलो होतो आम्ही त्यावर, तेही उशीत तोंड खुपसून. आता यंत्रासमोर उभी राहून मला कळत होतं की त्या सगळ्या तेलाचा, बनातीचा, मोजे घालून चालण्याचा अर्थ एवढाच होता की आमच्या मुलीपुढे आजवर एकही दचकवणारा मोठा आवाज आलाच नव्हता. ती दचकत नाही हे कळायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. जन्मली तेव्हा कानांची चाचणी करायला एक बाई आल्या होत्या. ती रडून लाल झाली होती, म्हणून पुढे ढकलली. मग मला ताप आला, मग तिला कावीळ, आणि ढकललेली गोष्ट ढकललेलीच राहिली. ‘चिमटी’ हे नावही त्याच दिवसांतलं. माझ्या बाबांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि म्हणाले, ही तर चिमटीभर आहे.

नवऱ्याला फोन लावला. “बोल पटकन,” तो म्हणाला, “मी लिफ्टच्या डोक्यावर बसलोय.”

“चुकून चक्की सुरू झाली. चिमटी दचकली नाही.”

“बरंय की. म्हणजे मला आता खरी कॉफी मिळणार.”

“अरे, अजिबातच नाही दचकली. डोळासुद्धा हलला नाही.”

पलीकडे लोखंडी पोकळीत त्याचा श्वास घुमला. “आईवर गेली असेल. तुझा गजर वाजून वाजून स्वतःच झोपी जातो.”

“चेष्टा करू नकोस.”

“नाही करत.” खाली कुणीतरी ओरडून विचारलं, सोडू का. हा म्हणाला, थांब रे जरा. आणि मग मला, अगदी हळू, जणू तो इथेच आहे आणि चिमटी झोपली आहे, “मी कानाच्या दवाखान्यात फोन करतो. तू एकटीने काही करत बसू नकोस. आणि बाबा येणारेत ना आज? त्यांना बोलू नकोस.”

हे त्याने सांगायची गरज नव्हती. बाबांना मी कशी सांगणार? ते खुर्चीत बसतील, हाताच्या तळव्याकडे बघतील आणि म्हणतील, माझ्याकडून आलं. लाकूड कापायच्या गिरणीत आयुष्य काढलं म्हणून बाबांचे कान गेले. ते काही रक्तातून येत नाही, मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. पण माणूस दोष घ्यायचा म्हटला की कुठूनही घेतो. एकटीने काही करू नकोस म्हणाला आणि फोन ठेवल्याबरोबर मी करायलाच लागले. किल्ल्यांचा जुडगा वाजवला; तिने जुडगा पाहिला, म्हणजे कान की डोळे? तिच्या मागे जाऊन पातेल्यावर झाकण आपटलं. तिने पाय झाडले, पण ती तर दिवसभर पाय झाडतच असते. टाळी वाजवली तर केसांना वारा लागला असेल. हाक मारली तर माझी सावली पडली असेल. प्रत्येक उत्तराला दोन तोंडं होती, आणि चिमटीला वाटत होतं की आई आज फार मजेत आहे. मग, काही न ठरवता, केवळ जुन्या सवयीने, मी फरशीवर टाच आपटली. तिने मान वळवली. सरळ माझ्याकडे, लख्ख. पोटात काहीतरी उजळलं आणि त्याच क्षणी विझलं. कारण मान अशीच वळते. मला ती ओळखीची होती. टाच आपटली की माझे बाबा अगदी अशीच मान वळवतात.

आमच्या घरी हाक मारायची पद्धतच ती होती. ‘बाबा’ असं कुणी ओरडत नसे; फळ्यांच्या जमिनीवर टाच आपटायची, ती त्यांच्या तळव्यांतून वर चढायची आणि ते वळायचे. एकदा आपटली तर जेवायला या, दोनदा तर कुणी आलंय. माझ्या हाडात ते इतकं मुरलं की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, सासरी सगळे टेबलाभोवती बसलेले असताना, मला मीठ हवं होतं आणि मी टाच आपटली. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. नंतर त्या आपल्या मुलाला आत नेऊन म्हणाल्या, सून पाय आपटते रे, आणि तेही मिठावरून. हा किस्सा आम्ही कितीतरी जणांना सांगितलाय. पण आज टाच फरशीवर तशीच टेकलेली असताना त्यातलं हसू कुठे गेलं होतं कोण जाणे. मला नुसती आई दिसत होती. आई बाबांच्या पाठीशी बोलायची. शब्दशः पाठीशी. संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या लाकडी चौकटीला टेकून, बाहेर तोंड करून बसायचे, आणि आई आत भाजी चिरता चिरता त्यांच्या पाठीला सगळं सांगायची. समोर असली की थोडं आणि मोठ्याने. ओठ दिसतील असं, हो, नाही, गरम आहे, उद्या. पण पाठीला मात्र हळू, न थांबता, दिवसभराचं, माहेरचं, एकदा तर स्वतःच्या भीतीचं. मी कोपऱ्यात अभ्यास करत असायची, आणि ते सगळं, जे माझ्यासाठी नव्हतं, मला ऐकू यायचं. आई गेली तेव्हा माझ्या मनात आलं होतं की आता ते सगळं एकट्या माझ्याकडे आहे. आणि मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या घरात कुणी पाठीशी बोलणार नाही. म्हणून की काय, चिमटी झाल्यापासून मी सतत बोलते आहे. लंगोट बदलताना, अंघोळीत, दूध पाजताना. हा तुझा डावा पाय, हा उजवा, हा कुठून आला तिसरा. तुझा बाप बघ, मोजे उलटे घालून गेलाय. तू आलीस त्या दिवशी ढगाळ होतं. चार महिन्यांचं बोलणं. ते कुठे गेलं? दुलईवर पडून ती माझे ओठ बघत होती, मन लावून. ओठ बघणारी माणसं मला माहीत आहेत. त्या नजरेत किती माया असते तेही माहीत आहे आणि ती किती दमते तेही.

ती झोपली. मला बसवेना म्हणून यंत्र खोललं. दाणे काढले, वरचं पातं फिरवून बाहेर घेतलं, आणि चक्की का घुसमटली ते कळलं. उकळत्या पाण्याची वाफ वर चढते, दळलेली पूड जिथून खाली पडते त्या नळीत शिरते; रोज पुसली नाही तर पूड तिथेच ओली होऊन बसते. त्या शेवटच्या दिवसाची पूड होती ती. कुणाला पुसायला सुचलं असेल त्या घाईत? कळा सुरू झाल्या होत्या, कप अर्धा राहिला होता. आता ती पूड खपलीसारखी कडक झालेली, काळी, तिला जुन्या लाकडाचा, थोडा तंबाखूचा वास. जुन्या टूथब्रशने खरवडताना तो वास नाकात गेला आणि मी पुन्हा त्या ओट्याशी उभी राहिले, पोट पुढे. शेवटच्या महिन्यांत ओटा आणि मी यांच्यात पोटच असायचं. डॉक्टरांनी दिवसाला एकच कप परवानगी दिली होती, म्हणून तो मी सण असल्यासारखा करायची. दाणे टाकीत पडताना होणारी सर, मग चक्की. आणि चक्की सुरू झाली की आतली लाथाळी थांबायची. इतका वेळ फासळीखाली ढुशा देणारं ते पोर एकदम गप्प. नवऱ्याचा हात मी पोटावर ठेवायची, बघ, घाबरली. तो तेलकट हात तसाच ठेवून काळजीने म्हणायचा, “तिला त्रास होतोय याचा.” टाळेबंदी तिथूनच आली होती. चक्की बंद झाली की क्षणभर काहीच नाही, आणि मग एक मोठी लाथ, टेबलावर मूठ आपटावी तशी. सुटली बिचारी, असं म्हणून मी पोट चोळायची. हे सगळं मी ब्रश नळीत घालून आठवत होते, आणि त्यातून पुढे काही निघत नव्हतं. थरथर तर पोटालाही लागतेच. ओट्यातून, हाडातून. मी लाकडी घरातली मुलगी. थरथर म्हणजे ऐकणं नव्हे, हे मला कुणी शिकवायला नको होतं. नवऱ्याचा निरोप आला होता: उद्या सकाळची वेळ मिळाली. खाली त्याने कॉफीच्या कपाचं चित्र टाकलं होतं आणि त्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं.

बाबा आले. ते दार वाजवत नाहीत, कारण आपण किती जोरात वाजवतो ते त्यांना कळत नाही. खालूनच ‘आलो’ असा निरोप टाकतात. चपला काढल्या, कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं, ओट्यावर मांडलेले सुटे भाग पाहिले आणि खूश झाले. “काय कापतं हे?”

“दळतं. कॉफी,” मी त्यांच्यासमोर तोंड करून म्हटलं.

“मग करून पाज. मागच्या वेळी दिलीस ती माती होती.” पातं हातात घेऊन त्यांनी अर्ध्या बोटाने त्याचे दात चाचपले. उजव्या हाताचं ते एक बोट करवतीने पेरावर नेलं होतं. “हे चालू असताना तुला काही ऐकू येत नसेल.”

“काही नाही.”

“तेवढा वेळ तू माझ्या पंगतीला.” आणि हसले. माझ्या चेहऱ्यावर ते हसू पोचलं नसावं, कारण ते बघत राहिले. ओठ वाचणारा माणूस ओठ मिटलेले असले तरी वाचतो. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे बोलायचं नव्हतं त्याच्या शेजारचंच तोंडातून निघालं. “बाबा, आई तुमच्या पाठीमागून बोलत बसायची. ठाऊक होतं तुम्हाला?”

त्यांनी पातं जागेवर ठेवलं. “मी चौकटीला टेकून बसायचो ना. लाकडातून यायचं.”

“काय बोलायची ते?”

“ते नाही यायचं. बोलतेय एवढंच यायचं. मधमाशीचं पोळं असतं भिंतीत, तसं.”

“मग वळायचात का नाही तुम्ही?”

“वळलो असतो तर थांबली असती,” बाबा म्हणाले, साधंच, जणू करवतीबद्दल काही सांगावं तसं. मग आतल्या खोलीत चिमटीने हातपाय हलवलेले त्यांना दारातून दिसले आणि ते माझ्या आधी तिथे पोचले.

चिमटीला घेतलं की ते कानातलं यंत्र काढून खिशात टाकतात. ती जवळ आली की त्यातून शीळ निघते, आणि ती ते ओढते. तिला घेऊन ते बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. पाय वर, स्टुलावर. ती त्यांच्या छातीवर पालथी, तोंड खिडकीकडे, आणि तिच्या तोंडात ते अर्धं बोट. तिला ते फार आवडतं. बाबा म्हणतात, देवाने तिच्याच मापाचं करून दिलं, फक्त जरा आडवळणाने. मी स्वयंपाकघरात यंत्र जोडलं. नळी कोरडी, पातं घट्ट, नवी गाळणी, मागे पाणी, टाकीत जुने दाणे. हात चक्कीच्या बटणापाशी गेला आणि थांबला. पुन्हा ते बघायचं नव्हतं मला. तिचं न दचकणं पुन्हा एकदा बघण्याची हिंमत नव्हती. उद्या सकाळी दवाखान्यात कुणी परकी व्यक्ती ते बघेल, कागदावर काढेल, तोवर राहू दे. पण बाबांना माती नको होती. मी बाहेरच्या खोलीकडे पाठ केली, अगदी पूर्ण, आणि बटण दाबलं.

आता नळी मोकळी होती, त्यामुळे चक्की सकाळसारखी घुसमटली नाही. तोच जुना आवाज, गडगडत येऊन एका सुरावर स्थिरावणारा, आणि त्याच्या खालून ताज्या पुडीचा वास. शेजारून भिंतीवर थाप पडली, काकू चक्कीवर आवाज चढवून ओरडल्या, “काय गं, आज दुपारी सकाळ झाली का?” ओट्याच्या कडेला पोट टेकवून उभी होते, आता तिथे मधे कुणी नव्हतं. मग दाणे संपले, चक्की थांबली. पाणी तापून पहिला थेंब पडायच्या आधी या यंत्रात एक मोकळी जागा असते, जिथे काहीच होत नाही. त्या जागेत बाहेरून बाबांचा आवाज आला, नेहमीसारखा गरजेपेक्षा मोठा.

“काय थांबलं गं?”

मी हातातला चमचा तसाच धरून दारात आले. बाबा तसेच बसले होते, पाय स्टुलावर, डोळे मिटलेले. ते आता उघडले. कानात काही नव्हतं. खिशातून यंत्राची वायर डोकावत होती. “तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं. त्यांनी ओठ वाचले.

“मला कुठून कळणार. जमिनीतून काही आलं नाही, पाय तर वर आहेत. खुर्चीतूनही नाही. हिने सांगितलं.” त्यांनी हनुवटीने खाली दाखवलं. “बोट चोखत होती, मस्त लय लागली होती. एकदम थांबली. मान वर केली. म्हटलं, काहीतरी थांबलं असणार तिकडे.” चिमटीची मान खरंच वर होती, जरा डगमगती. ती खिडकीकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नव्हती. माझ्या कमरेच्या बाजूने, मागे, ओट्याकडे, जिथे आवाज होता आणि आता नव्हता, तिकडे ती बघत होती. कपाळावर एक बारीक आठी. आणि मग एक पाय, बाबांच्या पोटावर, टेबलावर मूठ आपटावी तसा.

ती लाथ मला फासळीखाली लागली. घाबरली म्हणायचो आम्ही. ती गप्प व्हायची ती ऐकायला, आणि लाथ मारायची ती बंद का केलंत म्हणून. रोज सकाळी तिच्या जगात तो एक मोठा आवाज यायचा, तिला तो पाठ होता, आणि बाहेर आल्यावर आम्ही नेमका तोच गोधडीखाली झाकून ठेवला होता. दचकायचं ते परक्या आवाजाला. उद्या जायचंच आहे, ते कागद करतील, दोन्ही कान वेगवेगळे बघतील, ते सगळं होऊ दे. नवऱ्याला कळवायचं, तेही होईल. तो लिफ्टच्या डोक्यावर असेल तर आधी खाली उतर म्हणायला हवं. पण माझ्या बाबांना, ज्यांना मुंगी चालली तरी तळव्यातून कळतं, त्यांना जे कशातूनही आलं नव्हतं ते तिला आलं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. “रडतेस कशाला? कॉफी सांडली?”

“नाही,” मी म्हटलं. “होतेय.” आणि आत गेले, कारण यंत्राने आता थेंब टाकायला सुरुवात केली होती, आणि कारण मला कुणाकडे तरी पाठ करून उभं राहायचं होतं. दोन कप काढले. भांड्यात काळं पाणी चढत होतं. मी बोलायला लागले. हळू, भांड्याकडे बघत, आई बोलायची त्याच पट्टीत. सकाळी काय झालं ते, किल्ल्यांचा जुडगा, टाच, पातेल्याचं झाकण. दिवसभर किती भ्याले ते. मिठाचा किस्सासुद्धा सांगितला, चिमटीला तो अजून कुणी सांगितला नव्हता. मग पहिला कप भरण्यापुरती थांबले.

“आता काय थांबलं?” बाहेरून बाबा.

“मी,” मी म्हटलं, त्यांना ऐकू जाणार नव्हतं तरी, आणि दुसऱ्या कपात कॉफी ओतत पुढचं सांगायला लागले.